मालनचा फोग

खेतारामजी धोऱ्यावर चढून येत होते आणि त्यांनी लांबून हाक मारली नव्हती.

वाळूच्या टेकडीला त्या मुलखात धोरा म्हणतात. तिथली माणसं एकमेकांना लांबूनच ओरडून बोलतात, कारण वाळू तुडवत जवळ जायचं म्हणजे दम निघतो. खेतारामजी तिथल्या वस्तीतले वडीलधारे, आणि त्यांचा आवाज तर सगळ्यांत मोठा. पण त्या दिवशी ते गप्प चढत माझ्यापर्यंत आले. माझ्या हातातली काट्याकुट्यांची पेंढी त्यांनी काढून घेतली आणि खाली ठेवली. म्हणाले, "बाबूजी, घरी चला."

मी विचारलं, "मालन?"

"त्या बऱ्या आहेत."

म्हणजे मुलगी. उतरताना माझ्या पायातल्या वहाणा दोनदा वाळूत रुतून राहिल्या, आणि दोन्ही वेळा त्या म्हाताऱ्या माणसानं वाकून त्या काढून दिल्या.

मालन माझी बायको. तेव्हा आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मी आटपाडीकडचा. तिथं दुष्काळी कामावर मुकादम होतो. आमचे इंजिनिअर दाभाडे साहेब वाळू अडवण्याच्या कामावर बाडमेरच्या पुढं गेले, आणि जाताना मला घेऊन गेले. घरात सगळ्यांना वाटलं की मालन काही येणार नाही. ती माझ्या आधी ट्रंक भरून बसली होती.

जोगासर नावाची ढाणी होती, म्हणजे चार-सहा गोल झोपड्या आणि मधे गोड्या पाण्याची एक विहीर. धोरा विहिरीच्या डोक्यावर येऊन ठेपला होता. दर उन्हाळ्यात तो वाऱ्याबरोबर पुढं सरकायचा. एक विहीर त्यानं आधीच गिळली होती. ही दुसरी गेली असती तर ढाणी उठली असती. सिणिया नावाचं एक रानटी झुडूप असतं, ते वाळवून त्याच्या पेंढ्या धोऱ्याच्या अंगावर ओळीनं उभ्या पुरायच्या, आडव्या-उभ्या ओळींच्या चौकटी करायच्या, हे माझं काम. त्या चौकटींत वारा मंदावतो, वाळू जागच्या जागी राहते, मग तिथं गवत पेरता येतं.

मुलगी तिथंच जन्मली. खेतारामजींच्या सुनेनं, धापूनं, बाळंतपण केलं. सगळं नीट झालं होतं. काही दिवसांनी मुलगी दूध घेईना, आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला उंटगाडी जुंपेपर्यंत संपली होती.

तान्ह्या मुलाला आपल्याकडंही पुरतातच. तिथं धोऱ्याच्या पायथ्याशी, विहिरीपासून लांब, स्वच्छ वाळूत ठेवतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर बोरीचे काटे टाकतात. दगड ठेवत नाहीत, खूण करत नाहीत, आणि बायकांनी तिकडं जायचं नाही. वाळू सरकते आणि जागा आपोआप नाहीशी होते. त्यांना तेच बरं वाटतं. मुलीला मी उचलून नेलं, खड्डा खेतारामजींनी काढला.

परत आलो तेव्हा मालन भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकच विचारलं. "जागा सापडेल का?"

मी म्हणालो, "शेजारी फोगाचं झुडूप आहे. त्याच्या उगवतीला."

तिनं मान हलवली. त्या घडीपासून ते झुडूप तिचं झालं.

फोग दिसायला काहीच नसतो. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या बारीक काड्या. झिजलेला खराटा कुणी उलटा रोवून ठेवलाय असं वाटावं. हे झुडूप तर माझ्या मांडीएवढंच होतं. चालता येऊ लागल्यावर मालन एका सकाळी उठून तिकडं गेली. धापू धावत आली आणि मला म्हणाली की बाबूजी, बाईंना आवरा, तिकडं जात नसतात. मी म्हणालो, तूच आवर. तिनं दोन दिवस आवरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सरपण गोळा करायचं निमित्त काढून ती स्वतःच मालनबरोबर जाऊ लागली. मोळी मात्र दोघींनी कधी आणली नाही.

मालनचा भाऊ सर्जेराव तिला न्यायला आला. आईकडं चार महिने राहा, प्रकृती सुधार, असं त्यानं पुष्कळ सांगितलं. तिनं त्याला जेवू घातलं, धोरा दाखवला आणि एकट्यालाच परत पाठवला. मी तिला म्हणालो की जाऊन यायला काय हरकत होती. ती म्हणाली, "ते झुडूप गेलं तर तुम्हाला तरी जागा दाखवता येईल का?"

मला आली नसती. सगळी वाळू सारखी.

त्या वर्षी आमच्या चौकटी उत्तम लागल्या. उन्हाळ्याच्या आंध्या, म्हणजे वाळूची वादळं, आल्या आणि गेल्या, पण धोरा हलला नाही. विहिरीत ओंजळभरसुद्धा वाळू पडली नाही. खेतारामजींनी सगळ्यांना गूळ वाटला, आणि ढाणीतल्या म्हाताऱ्या बायका मला ओढणीआडून आशीर्वाद देऊ लागल्या. मालननं चेष्टा केली की तुमचं देऊळच बांधतील आता, मी रोज दिवा लावीन.

आणि नेमकं त्याच वेळी तिचं झुडूप वाळायला लागलं.

आधी काड्यांचा रंग गेला. मग शेंडे मोडू लागले. मालन पाणी घालू लागली. आमच्या वाटणीच्या पाण्यातलं, भांडी राखेनं घासून वाचवलेलं. तिथं पाणी किती मोलाचं ते मला सांगायला नको, पण मी काही बोललो नाही. धापू बोलली. विहिरीवर, सगळ्या बायकांदेखत. मालनच्या हातातला तांब्या धरून म्हणाली, "माझी दोन आहेत त्या वाळूत. मी कुठं घालू पाणी?"

हे आम्हाला माहीत नव्हतं. दोन वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. मालन तांब्या तिथंच ठेवून घरी आली. संध्याकाळी धापू तो तांब्या घेऊन आली. भरलेला होता. दारात ठेवला आणि म्हणाली, "घाला बाई. पण त्यानं काही होणार नाही."

खरंच झालं नाही. उलट ओलाव्याला वाळवी आली आणि बुंधा पोखरू लागली.

एके दिवशी मालन धोऱ्याला वळसा घालून मागच्या अंगाला गेली. तिथं आम्ही चौकटी लावल्या नव्हत्या, वाळू मोकळी वाहत होती. परत आली ती तरातरा. मी हातपाय धूत होतो. म्हणाली, "अहो, तिकडचे फोग बघितलेत का? गळ्यापर्यंत वाळूत गाडलेत. आणि हिरवेगार."

मी म्हणालो, असतील.

"आपल्याच्या अंगावर वर्षभर वाळूचा कण पडला नाही. म्हणून वाळतंय ते. त्याला वाळू पाहिजे, पाणी नको."

मी हसलो. वाळूनं झाडं मरतात, जगत नाहीत, असं काहीतरी शहाणपणाचं बोललो. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पाहिलं. मोकळ्या वाळूत एका फोगाची फांदी दाबली गेली होती. उकरली तर तिला जागोजागी मुळं सुटलेली. एक मूळ दोरासारखं लांब पुढं गेलं होतं आणि त्यावर चार पावलांवर दुसरं झुडूप आलं होतं. जेवढी वाळू चढेल तेवढं ते वर येत होतं. माझ्या चौकटींमागं, सावरलेल्या वाळूत, वर कडक पापुद्रा धरला होता आणि सगळे फोग मलूल दिसत होते. इतके दिवस मी फक्त विहिरीकडं बघत होतो.

मी घरी येऊन सांगितलं की तुझं बरोबर आहे. तिनं भाकरी थापता थापता माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मग?"

चौकटी काढणं म्हणजे विहिरीच्या जिवावर उठणं.

मालननं घमेलं घेतलं. मागच्या अंगाची मोकळी वाळू भरायची, डोक्यावर घ्यायची, वळसा घालून यायचं आणि झुडपाच्या बुडाशी ओतायची. त्या मुलखात माणसं जन्मभर वाळू घराबाहेर काढत असतात. पिठातून काढतात, अंथरुणातून काढतात. आणि ही दक्षिणेकडची बाई वाळू वाहून नेते म्हटल्यावर ढाणीला करमणूक झाली. खेतारामजी मला म्हणाले, बाबूजी, तुमच्या बाईंना सांगा, आमच्या घरातही थोडी पडली आहे, तीही न्यावी. मालननं ते ऐकलं, त्यांच्या अंगणात गेली आणि खरंच एक घमेलं भरून घेऊन आली. म्हातारा खो खो हसला.

पण ओतलेली वाळू राहायची नाही. सकाळपर्यंत वारा अर्धी घेऊन जायचा. धापूही एक टोपलं घेऊन यायला लागली, तरी पुरेना. एक दिवस मालन घमेलं पालथं घालून त्यावर बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही अडवताय आणि मी वाहतेय. एकाच घरातली माणसं आपण. दोन ओळी काढा की."

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, काढू नका. मग उठली आणि पुन्हा वाळू भरायला गेली. तिच्या मानेवर घमेल्याचा वळ उठला होता. तो मला तिच्या पाठीमागून दिसला.

मी खेतारामजींकडं गेलो. विहीर त्यांची होती, मी कोण काढणार ओळी. धोऱ्याच्या पश्चिमेच्या खांद्यावर एक पट्टा उघडला तर वाळू झुडपाकडं उतरेल, विहिरीकडं नाही, असं मला वाटत होतं. वाटत होतं, खात्री नव्हती. तसंच त्यांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ चिलीम ओढली. मग विचारलं, "विहिरीकडं वळली तर?"

"तर मी भरून काढीन."

"तुम्ही कराराची माणसं. आज आहात, उद्या नाही."

मी उठलो. झोपडीच्या आतून धापूचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे, घुंघट ओढून बाजूनं जायची. ती म्हणाली, "विहिरीकडं वळली तर मी काढीन. मी इथंच आहे."

खेतारामजींनी चिलीम खाली ठेवली. आत न बघता म्हणाले, "हिनं इतक्या वर्षांत माझ्याकडं काही मागितलं नव्हतं." मग मला म्हणाले, उघडा.

खांद्यावरच्या ओळी मी स्वतः उपटल्या. आठवड्यानं दाभाडे साहेब पाहणीला आले आणि त्यांची नजर पहिली तिथंच गेली. खेतारामजींनी ठासून सांगितलं की शेळ्यांनी खाल्लं. साहेब म्हणाले, "शेळ्यांनी दोरी लावून खाल्लं वाटतं. एकसारखं सरळ आहे." सगळे खाली बघू लागले. मालन ताकाचे पेले घेऊन आली होती. तिनं साहेबांना पेला दिला आणि सांगितलं की ओळी यांनी काढल्या, पण काढायला मी लावल्या. का, तेही सांगितलं. तिनं लपवून काही ठेवलंच नाही.

साहेबांनी ताक पिऊन टाकलं. मग म्हणाले, "विहिरीत वाळू गेली तर अंकुश, मी तुला ठेवू शकणार नाही." ओळी परत लाव, असं मात्र म्हणाले नाहीत.

त्या ज्येष्ठात आंधी आली ती उठूच देईना. आभाळ तांबडं झालं. आम्ही तोंडाला फडकी बांधून झोपडीत बसून होतो आणि भाकरीच्या प्रत्येक घासाला दाताखाली कचकच. थांबली तेव्हा मी आधी विहिरीकडं पळालो. विहीर स्वच्छ होती. मग खांद्याच्या बाजूला गेलो.

मी उघडलेल्या पट्ट्यातून वाळू उतरली होती. मालन घमेल्यानं जन्मभरात वाहू शकली नसती एवढी. तिथं नवा उतार तयार झाला होता, गुळगुळीत, आणि त्यावर झुडूप नव्हतं. काडीसुद्धा नव्हती.

मालन माझ्यामागून आली. मला वाटलं रडेल, निदान मला बोलेल. तिनं उतारावर हात टेकवला, थोडा वेळ ठेवला आणि म्हणाली, "चला घरी." वाटेत मी काहीबाही बोलत होतो, उकरून बघू, इथंच असेल. ती म्हणाली, "नका. उगाच भलतंच काही उकराल." एवढंच. दोन दिवसांनी तिनं स्वतःच सांगितलं की सर्जाला निरोप धाडा, आईकडं जाऊन येते. किती दिवस, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिनं ट्रंक काढून पुसली तेव्हा मला कळलं की कदाचित ती परत येणार नाही. तिला तिथं धरून ठेवणारं झुडूपच गेलं होतं आणि ते मी घालवलं होतं.

सर्जेराव यायला वेळ लागला. बरंच झालं. तो आला त्याच्या आदल्या सकाळी धापू उतारावरून ओरडली. काय ओरडतेय ते कळेना. मालन पीठ मळत होती, ती तशीच पळाली, कोपरापर्यंत पीठ घेऊन. मी पोचलो तेव्हा दोघी पालथ्या पडल्या होत्या, नाकं वाळूला लावून. मधे तीन हिरव्या काड्या होत्या, सुईएवढ्या. थोड्या पलीकडं आणखी दोन.

"हेच आहे का?" मी विचारलं. दुसरं असायला नको म्हणून.

मालन म्हणाली, "अहो, त्याच्या खाली पुरुषभर वाळू आहे. एवढ्या खालून दुसरं कोण येणार?"

तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं आणि त्यावर वाळू चिकटली होती. धापू तिच्याकडं बघून हसायला लागली आणि मग दोघी हसतच राहिल्या. सर्जेराव दुसऱ्यांदा रिकामा परत गेला. जाताना मला म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी नुसतं पत्र पाठवा, तिचं 'नाही' मी गावातच वाचतो."

पुढं आमची बदली झाली. मुलगा झाला, तो सांगलीत वाढला. मालन तिकडचं कधीमधी बोलायची, पण झुडपाचं नाव काढायची नाही. मी निवृत्त झाल्यावर एका फाल्गुनात ती म्हणाली की एकदा जाऊन येऊ. गेलो.

खेतारामजी नव्हते. धापूचे केस पांढरे झाले होते आणि घुंघट गेला होता. खांद्याचा तो पट्टा कुणीच परत बंद केला नव्हता. म्हातारा सांगून गेला होता, तो तसाच ठेवा. आणि पायथ्यापासून वरपर्यंत सगळा फोगच फोग. खालचे करडे पडलेले, काही पार वाळून गेलेले. जसजसं वर, मोकळ्या वाळूकडं जावं तसतसे हिरवे आणि कोवळे, फुलांच्या कळ्यांनी लगडलेले. पहिलं झुडूप कोणतं, ते आहे तरी का, काही सांगता येण्यासारखं नव्हतं. मला वाईट वाटलं. एवढं करून जागा शेवटी हरवलीच.

मालनला तसं वाटलेलं दिसलं नाही. ती आणि धापू खाली बसल्या होत्या. मालन म्हणाली, "धापू, तुझी दोन कुठं आहेत ग यात?"

धापूनं जिथवर हिरवं दिसत होतं तिथवर नजर फिरवली. "असतील की," ती म्हणाली. "मुळं गेली असतील तिथपर्यंत. तुझी एक आणि माझी दोन, त्याला काय वेगळी कळणार आहेत?"

दुपारी धापूनं जेवायला फोगाच्या कळ्यांचं रायतं केलं. तिकडं ते आवडीनं खातात. कळ्या कुठून तोडल्या ते मी पाहिलं होतं, त्यामुळं माझा हात अडखळला. मालननं वाटी पुढं केली, संपवली आणि पुन्हा मागितली. धापूनं वाढलं. दोघींपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही, आणि मग मीही खाल्लं. आंबटसर लागलं. चांगलं होतं.

निघायच्या आधी मालन एकटीच वर गेली. मी खाली गाडीपाशी थांबलो. झुडपांत तिचं लुगडं मधेच दिसायचं, मधेच नाही. एका ठिकाणी ती थांबली आणि तिनं हाक मारली. लहान मुलाला घरात बोलवावं तशी, साध्या आवाजात, एकदाच. वारा माझ्याकडून तिच्याकडं जात होता. हाक आली, शब्द आला नाही.

आमच्या मुलीचं बारसं झालं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी समजत होतो की तिला नाव नाही.

परतीच्या प्रवासात मालन खिडकीशी बसून बाडमेर येईपर्यंत झोपली. नंतर विचारू म्हटलं. घरी आल्यावर मुलाचं लग्न निघालं, मग नातू झाला, मग तिचा आजार. दवाखान्यात शेवटी शेवटी आम्ही खूप बोलायचो, सगळं मागचं, सर्जेरावाच्या फेऱ्या, शेळ्यांनी दोरी लावून खाल्लं ते. ती हसायची. मी तेव्हाही विचारू शकलो असतो.

मालन जाऊन आता वर्ष होत आलं. तिनं मुलीला काय नाव ठेवलं होतं, ते विचारायचं राहिलं.